बूट घालून बसलेला मुलगा

शनिवारी चारची वेळ ठरलेली असते. मुलगा साडेतीनलाच तयार होऊन बसतो. केस ओले करून विंचरलेले, शर्ट खोचलेला, पायात बूट. चार वाजतात, सव्वाचार होतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, बूट तरी काढ." तो म्हणतो, "नको, दादा येतीलच इतक्यात." पाच वाजता उपक्रमाची समन्वयक फोन लावून बघते, पण मेंटॉर, म्हणजे ठरलेल्या वेळी मुलाला सोबत द्यायला येणारा हा दादा, उचलत नाही. सहाच्या सुमारास मुलगा बूट काढतो, जागेवर ठेवतो आणि त्यानंतर कुणाला काहीच विचारत नाही. पुढच्या शनिवारीही दादा येत नाहीत. दोन महिन्यांनी उपक्रमाच्या नोंदवहीत मुलगा आणि मेंटॉर यांच्या जोडीपुढे तीन शब्द लिहिले जातात, 'संपर्क होत नाही'. जोडी बंद होते आणि मुलाचं नाव पुन्हा प्रतीक्षायादीत जातं.

मुलांना एखाद्या मोठ्या माणसाची सोबत मिळवून देणारे उपक्रम जगभर चालतात आणि त्या सगळ्यांमध्ये हा शनिवार कधी ना कधी येतोच. यात कुणी दुष्टपणे वागलेलं नसतं. मेंटॉर चांगल्या मनाने आलेला असतो. मग त्याची नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, किंवा पहिल्या चार भेटींत मुलगा धड बोललाच नाही म्हणून 'आपला काही उपयोग होत नाहीये' असं त्याला वाटू लागतं. समन्वयकाच्या डोक्यावर आणखी सत्तर-ऐंशी जोड्या असतात. हे सगळं समजून घेता येतं. मला खुपतात ते नोंदवहीतले तीन शब्द. संपर्क होत नाही म्हणजे कुणाचा कुणाशी? त्या शब्दांत माणूसच नाही.

मुलगा तर घरीच होता.

या कामात एक समजूत फार खोल रुजली आहे. काहीच नसण्यापेक्षा थोडं असलेलं बरं. मेंटॉर वर्षभर टिकला तर उत्तमच, पण तीन महिने आला तरी तेवढं मुलाच्या पदरात पडलंच की. ऐकायला हे पटतं. स्वयंसेवक मिळवताना तर फारच सोयीचं पडतं, कारण 'जमेल तेवढं द्या' असं म्हटलं की माणसं चटकन हो म्हणतात. २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अमेरिकी संशोधिकांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांच्या हाताशी सामग्री भक्कम होती. मुलांना मेंटॉर मिळवून देणाऱ्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या अमेरिकी संस्थेच्या आठ शाखांमध्ये नाव नोंदवलेल्या, १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली होती. एका गटाला लगेच मेंटॉर शोधायचा, दुसऱ्याने अठरा महिने थांबायचं. या अभ्यासाचा निकाल १९९५ साली आला. मेंटॉर मिळालेल्या गटात अमली पदार्थांना सुरुवात करण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी दिसली, दारूला सुरुवात करण्याची २७ टक्क्यांनी कमी, आणि शाळा बुडवलेले दिवस जवळपास निम्मे. या आकड्यांनी मेंटॉरिंगला पैसाही मिळवून दिला आणि मानही. त्या जोड्या महिन्यातून साधारण तीनदा, दर वेळी तीन-चार तास भेटत होत्या आणि त्यांच्यामागे संस्थेची पक्की देखरेख होती, हे मात्र आकडे तोंडोतोंडी पसरताना मागे राहून गेलं.

ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी हीच माहिती पुन्हा उघडली आणि जोड्यांची विभागणी त्या किती काळ टिकल्या त्यावरून केली. वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांमध्ये सर्वाधिक सुधारणा दिसल्या. सहा महिने ते वर्ष टिकलेल्यांत कमी, तीन ते सहा महिन्यांच्या जोड्यांत त्याहून कमी. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतली मुलं काही बाबतींत, विशेषतः स्वतःची किंमत आणि 'मला अभ्यास जमतो' हा विश्वास यांत, आधी होती त्याच्याही खाली गेली. लवकर तुटणाऱ्या जोड्यांमधली मुलं मुळातच वेगळी असू शकतात, ही शंका योग्य आहे आणि दोघींनी ती हिशेबात धरण्याचा प्रयत्नही केला. कुणाच्या जोड्या लवकर तुटतात तेही त्यांनी पाहिलं. तेरा ते सोळा वयाची मुलं आणि पूर्वी छळ सोसलेली मुलं यांच्या जोड्या जास्त तुटत होत्या. मोठ्यांच्या बाजूला २६ ते ३० वयाचे विवाहित स्वयंसेवक जास्त गळत होते. म्हणजे ज्या मुलाला आधीच कुणीतरी दुखावलेलं आहे, त्याच्याच बाबतीत मेंटॉरही निघून जाण्याची शक्यता जास्त. असं मूल नोकरी, बदली, बाळंतपण असली कारणं धरत नाही. त्याचा हिशेब साधा असतो. मी बोललो, मी कसा आहे ते त्यांना कळलं, आणि मग ते आले नाहीत.

या कामाला याहून जुना एक इशारा आधीच मिळाला होता. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून १९३९ साली अमेरिकेतल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत देण्याचं ठरलं. शेवटी हिशेबात राहिली ती ५०६ मुलं, निम्मी मदत मिळालेली आणि निम्मी न मिळालेली. निवडलेल्या मुलांच्या घरी समुपदेशक महिन्यातून सरासरी दोनदा जात. अभ्यासात मदत, डॉक्टरकडे नेणं, सुट्टीतली शिबिरं, आईवडिलांशी बोलणं, सगळं केलं. हे सरासरी साडेपाच वर्षं चाललं. तीस वर्षांनी संशोधिका जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा, म्हणजे एव्हाना मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांची स्थिती कुठल्याच महत्त्वाच्या बाबतीत सरस नव्हती. काही बाबतींत ती उलट वाईट होती. एकाहून अधिक गुन्हे करणारे त्यांच्यात जास्त निघाले, दारूच्या व्यसनाची लक्षणं जास्त दिसली, आणि मृत्यू आले तेही लवकर. असं का झालं यावर अजून वाद आहे. मधल्या काळात महायुद्ध आलं, समुपदेशक सैन्यात गेले, मुलांना नवी माणसं मिळत गेली. पुढे १९९९ साली आलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं की नुकसान मुख्यतः अशा मुलांत होतं ज्यांना सुट्टीच्या शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलं गेलं. तिथे समवयस्क मुलांनी एकमेकांना काय शिकवलं असेल, त्याचा अंदाज करता येतो.

मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करते ती एक वेगळीच नोंद. त्या पुरुषांना जेव्हा विचारलं, की त्या उपक्रमाचा तुम्हाला उपयोग झाला का, तेव्हा दोनतृतीयांश जणांनी हो म्हणून सांगितलं. कुणाला आपला समुपदेशक आठवत होता, कुणी त्यामुळे वाईट मार्गाला लागलो नाही असं म्हणालं. ती आठवण खोटी होती असं मला म्हणवत नाही. प्रेमाने कुणीतरी घरी येत होतं, ते खरंच होतं. आणि तरी आयुष्यांची मोजदाद केली तेव्हा तो उपयोग सापडला नाही. तेव्हापासून वर्षअखेरीला भरून घेतलेल्या समाधानाच्या फॉर्मवर मी फार विसंबू शकत नाही. 'तुला दादा आवडतात का?' या प्रश्नाला मुलं हो म्हणतात. आवडतात हेही खरं असतं. ते उत्तर वेगळ्या प्रश्नाचं असतं, एवढंच.

मग जोड्या तुटतात कशाने? संशोधिका रेने स्पेन्सर यांनी २००७ साली तुटलेल्या जोड्यांतल्या मेंटॉर आणि मुलांना भेटून हेच विचारलं. कधी मेंटॉर किंवा मूल न सांगता निघून गेलेलं, कधी मुलाला रस नाही असं मेंटॉरला वाटलेलं, कधी अपेक्षा आणि वास्तव यांचा मेळ न बसलेला, कधी मेंटॉरला नातं जोडण्याचं कसबच कमी पडलेलं, कधी घरच्यांचा हस्तक्षेप, कधी संस्थेचा आधार अपुरा. ही यादी वाचताना जाणवतं की यातल्या बहुतेक गोष्टी जोडी लागण्याच्या आधी किंवा पहिल्या काही आठवड्यांत ठरतात. मूल आपल्याला पाहून फुलेल, महिन्याभरात मन मोकळं करेल, वर्षअखेरीला आभार मानेल असं चित्र मनात घेऊन आलेला माणूस तिसऱ्या भेटीत खट्टू होणारच, कारण बारा-तेरा वर्षांचं मूल तिसऱ्या भेटीत पायाने खडा उडवत 'माहीत नाही' एवढंच म्हणतं. हे मेंटॉरला आधी सांगायला हवं. आवाहनाच्या पत्रकात हसऱ्या चेहऱ्यांसोबत एक ओळ अशी हवी, की पहिले दोन-तीन महिने मूल तुम्हाला जोखत असेल आणि तुम्हाला काहीच परत मिळत नाहीये असं वाटेल. अशा ओळीने काही अर्ज कमी येतील. ते कमी आलेलेच बरे.

निवडीच्या मुलाखतीत चारित्र्याची पडताळणी, ओळखीच्या माणसाकडे चौकशी आणि समोरासमोर बोलणं हे मुलाच्या सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे, त्यावर वेगळं बोलायला नको. पण टिकाऊपणासाठीचे प्रश्न फार थोडे जण विचारतात. येत्या बारा महिन्यांत घर, नोकरी, शिक्षण यांत काय बदलणार आहे? याआधी सलग वर्षभर कुठली गोष्ट दर आठवड्याला केली आहे? शनिवारी चार म्हणालात, तर गेल्या चार शनिवारी चार वाजता तुम्ही कुठे होता? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. माणूस खिशातून फोन काढतो, बघतो, आणि बरेचदा स्वतःच म्हणतो की शनिवार नको, बुधवार संध्याकाळ धरू या. मुलाच्या बाजूनेही हेच करावं लागतं. त्याला खरंच मेंटॉर हवा आहे की शाळेने किंवा आईने नाव दिलंय, हे त्याला एकट्याला विचारावं. घरच्यांना भेटून भेटीचा दिवस, नेण्या-आणण्याची जबाबदारी आणि निरोप कुणी कुणाला द्यायचा हे लिहून घ्यावं. आणि जोडी लावताना दोघांनाही आवडणारी एखादी खरी गोष्ट शोधावी. यंत्रं खोलून बघणं, चित्रं, धावणं, काहीही चालेल. हाताला काम असलं की न बोलण्याचं ओझं वाटत नाही.

प्रशिक्षणाच्या बाबतीत अमेरिकेतल्या 'मेंटॉर' या संघटनेच्या मानकांमध्ये, २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत, जोडी लागण्याआधी किमान दोन तास असं म्हटलं आहे. मला ते कमीच वाटतं, पण त्या दोन तासांत काय सांगतात ते तासांपेक्षा महत्त्वाचं आहे. बहुतेक ठिकाणी ते नियमांत जातात. भेटवस्तू देऊ नका, फोटो टाकू नका, घरी नेऊ नका. हे हवंच, पण ते अर्ध्या तासात होतं. उरलेला वेळ गप्प बसलेल्या मुलाजवळ कसं बसायचं याच्या सरावाला द्यावा. १९९५ साली मॉरो आणि स्टाइल्स या संशोधकांनी ८२ जोड्या जवळून पाहिल्या. सुमारे दोनतृतीयांश मेंटॉर मुलाच्या कलाने घेत होते. काय करायचं हे मुलाबरोबर ठरवत, सुरुवातीला फक्त नातं जुळू देत, सल्ला मागितल्यावर देत. बाकीचे पहिल्या दिवसापासून मुलाला सुधारायला निघाले होते. गुण, वागणूक, सवयी. नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या प्रकारच्या जवळपास सगळ्या जोड्या भेटत होत्या आणि दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेक विस्कटल्या होत्या. मुलाला सुधारायची घाई झालेल्या माणसाला 'हा मुलगा प्रतिसादच देत नाही' असं वाटतं, आणि मुलाला वाटतं की घरी, शाळेत ऐकतो तेच इथेही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पण या निष्कर्षाचा उलटा अर्थ काढून नुसती मजा करत राहायची, हेही फार उपयोगाचं नाही. २०१९ साली एलिझाबेथ रापोसा आणि सहकाऱ्यांनी ७० अभ्यास, २५ हजारांवर मुलं, एकत्र करून मेंटॉरिंगचा एकूण परिणाम काढला. तो ०.२१ आला. याचा अर्थ असा, की शंभर मुलांची रांग लावली, ती सगळ्यात मागच्या मुलापासून मोजली आणि मेंटॉर नसता तर एखादं मूल बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागी असतं, तर मेंटॉरमुळे ते साधारण अठ्ठावन्नाव्या जागी जातं. हा फरक छोटा आहे, पण खरा आहे. मला त्यात खटकतं ते एवढंच, की डेव्हिड डुबॉइस यांनी २०११ साली ७३ मूल्यमापनं एकत्र केली तेव्हाही तो जवळपास एवढाच होता. वर्षानुवर्षं मुलं, पैसा, संस्था वाढल्या आणि परिणाम जागचा हलला नाही. २०२० सालच्या आणखी एका एकत्रित अभ्यासात एक वाट दिसते. सगळ्या मुलांना एकच सरधोपट मैत्री देणाऱ्या उपक्रमांपेक्षा, मुलाची नेमकी अडचण ओळखून त्यावर काम करणाऱ्या उपक्रमांचा परिणाम दुपटीहून जास्त होता. गणितात मागे पडलेल्याला गणित, धास्तावलेल्याला धास्ती सांभाळण्याची कौशल्यं. आणि शाळांमधल्या मेंटॉरिंगवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात सगळ्यात चांगलं चित्र तिथे दिसलं, जिथे जवळीकही होती आणि उद्दिष्ट ठरवून त्यावर बोलणंही होतं. आधी जवळीक, मग काम, आणि काम सुरू झाल्यावरही जवळीक. पहिल्या सहा-आठ भेटी उद्दिष्टाचा कागद बाहेर काढूच नये आणि त्यानंतर तो काढायला विसरूही नये, असं मला वाटतं. मुलानेच निवडलेली, चार आठवड्यांत पुरी होईल एवढी लहान गोष्ट पहिली असावी.

आता फोन. या सगळ्या डोलाऱ्याचा खांब कुठला असं विचारलं तर मी समन्वयकाचा फोन म्हणेन. 'मेंटॉर' संघटनेची मानकं सांगतात की पहिल्या महिन्यात निदान दोनदा आणि पुढे दर महिन्याला एकदा मेंटॉरशी आणि मुलाशीही बोलावं. डुबॉइस यांच्या २००२ च्या, ५५ मूल्यमापनांच्या विश्लेषणातही हेच पुढे आलं होतं. जोडी लागल्यानंतरही चालू राहणारं प्रशिक्षण, उपक्रम ठरल्यासारखा चाललाय का यावरची देखरेख, भेटींच्या वारंवारतेची स्पष्ट अपेक्षा, ठरवून केलेल्या कृती, पालकांचा सहभाग. अशा गोष्टी जितक्या जास्त, तितका परिणाम मोठा. पण फोन करणं आणि फोन केल्याची खूण करणं यांत फार अंतर आहे. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की समोरून 'हो' येतं, चाळीस सेकंदांत फोन संपतो आणि रकाना भरतो. त्या 'हो'मध्ये दोन हुकलेल्या भेटी असू शकतात.

मेंटॉरला असं विचारावं. गेल्या भेटीची तारीख काय? कुठे भेटलात, किती वेळ? काय करायचं ते कुणी ठरवलं? अवघड काय गेलं? पुढची भेट कुठल्या दिवशी आणि ते मुलाला ठाऊक आहे का? तारीख सांगताना आवाज अडखळला की समजावं, गाठ इथेच आहे. मुलाशी वेगळं बोलावं, मोठं माणूस शेजारी नसताना. दादा तुझं पुरतं बोलणं होईपर्यंत थांबतात का? येणार होते आणि आले नाहीत असं कधी झालं का? आले नाहीत तेव्हा तुला कुणी कळवलं होतं का? असं काही होतं का जे तुला आवडत नाही पण सांगावंसं वाटत नाही? आणि तिसरा फोन घरच्यांना. मेंटॉरमुळे मुलाच्या वागण्यात काय दिसतं ते विचारावं, आणि आपली जागा कुणी घेतंय असं त्यांना वाटत नाही ना हेही हळूच चाचपावं. असा एक फोन पंधरा मिनिटांचा होतो. चाळीस जोड्या, प्रत्येकीत तीन माणसं, म्हणजे महिन्याला १२० फोन, ३० तास. पुन्हा लागत नाहीत ते वेगळे, नोंदी लिहिण्याचे वेगळे. त्याच महिन्यात दहा नव्या जोड्या लावल्या तर त्यांचे दोन-दोन फेऱ्यांचे ६० फोन, आणखी १५ तास. ऐंशी जोड्यांच्या समन्वयकाला हे जमणारच नाही. मग ती फोन चाळीस सेकंदांवर आणते. तिचा आळस नसतो हा. आकडा वाढवा असं तिला सांगितलेलं असतं.

आणि आकडा म्हणजे नव्या जोड्यांचा आकडा. वार्षिक अहवालात 'यंदा २०० मुलांना मेंटॉर' असं छापलं जातं. त्यातल्या किती जोड्या तीन महिन्यांत मोडल्या, ते कुणी विचारत नाही. चालू जोड्या सरासरी किती महिने टिकल्या आहेत ते सांगणंही फसवं असतं, कारण मोडलेल्या जोड्या त्या सरासरीत नसतातच. एक साधा तक्ता पुरतो. डाव्या बाजूला महिना, त्या महिन्यात सुरू झालेल्या जोड्या, आणि पुढे तीन, सहा, बारा महिन्यांनी त्यांपैकी किती चालू आहेत. जानेवारीच्या दहापैकी तीन महिन्यांनी सहाच उरल्या, तर निवडीत किंवा पहिल्या महिन्याच्या फोनांत काही चुकतंय. तीन महिन्यांपर्यंत नऊ टिकल्या आणि सहाव्यात चारवर आल्या, तर बहुधा मध्ये सुट्टी आली असेल. शाळेतल्या मेंटॉरिंगमध्ये हे नेहमी होतं. अमेरिकेतल्या ७१ शाळांमध्ये झालेल्या, २००७ सालच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मुलांच्या अभ्यासात सुधारणा दिसली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत ती बरीचशी ओसरली. मध्ये सुट्टी होती आणि बऱ्याच जोड्या पुढे चालूच राहिल्या नाहीत. सुट्टीत पंधरा दिवसांतून एक पत्र किंवा एक फोन एवढी सोय केली तरी धागा राहतो. खर्च जवळपास नाहीच.

याच अभ्यासातल्या मुलांकडे २०१२ साली पुन्हा पाहिलं गेलं आणि त्यातून जे पुढे आलं ते वाचून मी बराच वेळ थांबले होते. ज्यांची जोडी टिकली त्यांना फायदा झाला. ज्यांची मध्येच तुटली त्यांना काहीच झाला नाही. आणि ज्यांची तुटल्यावर दुसरा मेंटॉर दिला गेला, त्यांच्यावर उलटा परिणाम दिसला. आपण तर दुसरा मेंटॉर ही भरपाई समजतो. मुलगा पुन्हा प्रतीक्षायादीत, मग नवा दादा, नवी ओळख, पुन्हा तेच पहिले प्रश्न. कितवीत आहेस, काय आवडतं. मुलाला त्याची उत्तरं पाठ झालेली असतात. जुन्या माणसाबद्दल त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं.

कुठलाही बदल केला की तो तपासावाही लागतो, आणि इथेही चुका ठरलेल्या आहेत. वर्षभर टिकलेल्या मुलांचीच प्रगती मोजली तर चित्र गोड येतं, कारण बिघडलेल्या जोड्या आधीच बाहेर पडल्या. मूल सगळ्यात वाईट स्थितीत असताना त्याचं नाव येतं, आणि अशी स्थिती पुष्कळदा आपसूकही थोडी निवळते; त्याचं श्रेय मेंटॉरला जातं. यावर उपाय प्रतीक्षायादीतच आहे. मुलं जास्त आणि मेंटॉर कमी असतील, तेव्हा आधी कुणाला हे चिठ्ठी टाकून ठरवावं. ते न्याय्यही असतं आणि थांबलेली मुलं तुलनेला मिळतात. सॅम्युएल मॅक्विलिन यांनी शाळेतल्या मुलांसाठी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मेंटॉर करून एक छोटा उपक्रम असाच तपासला, तेव्हा वाचनाच्या गुणांवर उलटा परिणाम दिसला. त्यांनी तो लपवला नाही. २०११ साली छापला, उपक्रम नव्याने बांधला, मेंटॉरना मुलाशी उद्दिष्टांबद्दल बोलण्याचं नेमकं प्रशिक्षण दिलं, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, आणि पुढच्या फेऱ्यांत चांगले परिणाम आले. मला त्या पहिल्या निकालाचं फार कौतुक वाटतं.

जोडी कितीही जपली तरी काही जोड्या संपणारच. तेव्हा करण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्या पहिल्याच दिवशी दोघांना सांगून ठेवाव्यात. निघायचं असेल तर निदान चार आठवडे आधी समन्वयकाला कळवायचं. मुलाला ते मेंटॉरनेच सांगायचं, कारणासकट, निरोपाच्या भेटीच्या दोन भेटी आधी. शेवटच्या भेटीत दोघांनी मिळून आठवायचं की काय काय केलं. पुढे भेटण्याचं वचन पाळता येणार नसेल तर देऊच नये. 'मध्ये मध्ये फोन करेन' हे वाक्य सगळ्यात जास्त दुखावतं, कारण मूल त्या फोनची वाट बघतं. त्यानंतर समन्वयकाने मुलाशी स्वतंत्र बोलावं आणि नवा मेंटॉर हवा का, कधी हवा, हे त्याला विचारावं. त्याने आत्ता नको म्हटलं तर तेही ऐकावं.

आणि मेंटॉर न सांगताच नाहीसा झाला, तर निरोपाची भेट संस्थेने घ्यायची. नोंदवहीतल्या त्या रकान्याच्या जागी चार रकाने हवेत. कोण थांबलं, कधीपासून, मुलाला कुणी सांगितलं, कुठल्या तारखेला. तिसरा आणि चौथा भरल्याशिवाय जोडी बंद करता येऊ नये. त्यासाठी शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी, सहा वाजायची वाट न बघता, समन्वयकाने मुलाच्या घरी फोन लावायचा आणि फोन मुलाकडेच द्यायला सांगायचं.

"दादांचा अजून फोन लागत नाहीये. ते आज येतील असं मला वाटत नाही. यात तू काही केलेलं नाहीस. का आले नाहीत ते मी शोधते आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर, कळलेलं असो की नसो, तुला फोन करते."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. मग तो विचारतो, "मंगळवारी किती वाजता?"